साडेसदतीस इंच

“ओटा काही उठून उभा राहायचा नाही, पोरी. आपणच वाकायचं.”

सासूबाईंचा हा आवाज एकतीस वर्षांपूर्वीचा. कात्रीची दोन्ही पाती एकदम मिटावीत तसा. नव्या घरातली ती पहिली सकाळ होती, भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता, खिडकीच्या काचेवर रंगाचे शिंतोडे तसेच होते, आणि ती, चार दिवसांपूर्वी लग्न होऊन आलेली, पाच फूट आठ इंचांची सून, दुधाचं पातेलं चढवायला ओट्यापाशी उभी राहिली तर ओटा कुठं तरी मांड्यांपाशीच संपला होता. ती हसूनच म्हणाली होती, “अहो, हा ओटा एवढा खाली का घेतलात?” नवरा दारात कपबशी धरून उभा होता. त्यानं तोंड उघडलं होतं, हे तिला आजही स्वच्छ आठवतं; ओठ विलग झाले होते, पहिलं अक्षर जिभेवर आलं होतं. पण त्याच्या आधी सासूबाई बोलल्या. त्या चार फूट दहा इंचांच्या. त्या ओट्यापुढं उभ्या राहिल्या की देवानं ओटा आधी केला आणि मग त्याला शोभेल अशी बाई केली, असं वाटायचं. कोणासाठी केलाय हा ओटा, ते न सांगता कळलं. तिनं पातेलं चढवलं, वाकली, आणि म्हणाली, “चालेल.” त्यानंतर एकतीस वर्षं ते चाललं. कंबर चालली, मान चालली, रोज दुपारी ओटा आवरून झाला की दोन्ही हात पाठीवर ठेवून स्वतःला हळूहळू उभं करणं चाललं, चुरगळलेल्या कापडावरून तळवा फिरवून सुरकुती काढावी तसं.

तो आवाज आज भर दुपारी पुन्हा कानाशी आला, तो मिस्त्रीच्या एका साध्या वाक्यानं. स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं होतं. कपाटांची दारं बिजागऱ्यांत लोंबू लागली होती, सिंकखालची फळी भिजून बिस्किटासारखी झाली होती. मिस्त्री म्हणजे सुतारकामात केस पांढरे झालेला माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. त्यानं भिंती मोजल्या, खिडकी मोजली, नळाची जागा मोजली, आणि मग टेप हातातच ठेवून म्हणाला, “ताई, जरा इथं उभ्या राहा. चपला काढून. कोपर वाकवा.”

“माझं कोपर?” ती म्हणाली.

“ओट्यावर काम कोण करणार? साहेब करत असतील तर त्यांचं घेतो.”

साहेब खुर्चीत बसून आलेखाच्या कागदावर रेघा मारत होते. ती उभी राहिली. टेपचं थंड टोक तिच्या पायाच्या अंगठ्याशी टेकलं, पिवळी पट्टी पोटरीवरून, गुडघ्यावरून वर सरकत गेली, आणि कोपराच्या हाडाशी मिस्त्रीचं बोट येऊन थांबलं. तेवढंच. पण ती त्या बोटाकडे बघतच राहिली. ती शिवणकाम करणारी बाई. चाळीस वर्षं तिच्या गळ्यात टेप होता. गल्लीतल्या प्रत्येकाची छाती, कंबर, खांदा तिला पाठ. कोणाचा डावा खांदा उतरता, कोण श्वास आत ओढून कंबर देतं, कोणाला आपला घेर चारचौघांत मोठ्यानं म्हटलेला आवडत नाही, सगळं ठाऊक. लहान मुलांचे गणवेश शिवताना ती शिवणीत दोन बोटं कापड राखून ठेवायची, पोर वाढेल म्हणून. सगळ्या जगाला सैल-घट्ट करून देणाऱ्या या बाईचं माप मात्र या घरात कधी कोणी घेतलं नव्हतं. स्वतःचे कपडे ती अंदाजानं बेतायची. उरलेल्या कापडात.

आणि मग तिला वाटलं, नाही, असं नाही, एकदा कोणीतरी या कोपराला हात लावला होता. कधी? लग्न ठरल्यावर सासूबाई तिच्या माहेरी पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा. ती आईच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत उभी होती आणि सासूबाई पाणी मागायच्या निमित्तानं आत आल्या आणि पाणी न पिताच तिच्या अगदी शेजारी येऊन थांबल्या. खांद्याला खांदा म्हणावं तर त्यांचा खांदा तिच्या कोपराच्या जरा वर येत होता. त्यांनी तिचं कोपर चिमटीत धरलं, थोडं दाबलं, दुसरा हात आईच्या ओट्यावर ठेवला, काहीतरी पुटपुटल्या आणि म्हणाल्या, “उंचच आहे हो मुलगी.” त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली होती. शाळेत तिला ‘शिडी’ म्हणायचे. आता सासरीही शिडीच. कोंबडी घेताना पाय चाचपावा तसं कोपर चाचपलं मेलीनं, असं ती बहिणीला म्हणाली होती. बहीण म्हणाली, “अगं, हाडं मोजत असेल. किती खाईल याचा हिशेब.” दोघी हसता हसता पलंगावरून पडायच्या बेतात आल्या होत्या. पण ते टोचलं ते टोचलंच. सुई कापडातून निघून जाते, भोक राहतं.

“साडेएकेचाळीस,” मिस्त्री म्हणाला. “कोपराच्या खाली चार बोटं ओटा हवा. पण नुसत्या आकड्यावर मी जात नाही. पुढच्या खेपेला इस्त्रीचं टेबल आणि चार पुस्तकं तयार ठेवा. खोटा ओटा मांडू, तुम्ही त्यावर काम करा, मी खांदे बघतो. खांदा वर गेला की ओटा उंच, मान खाली गेली की ओटा ठेंगणा. अंग खोटं बोलत नाही.”

“आणि फरशी?” साहेब खुर्चीतून एकदम म्हणाले. “जुनी काढून नवी घालणार ना? मग आधी फरशी की आधी ओटा?”

“आधी फरशी, साहेब.”

“म्हणजे माप नव्या फरशीवरून घेणार.”

“हो.”

“भरावासकट.”

“साहेब, तुम्ही आयुष्यभर नकाशे काढलेत,” मिस्त्री हसून म्हणाला, “तुम्हाला मी काय सांगू?” साहेबांचे कान मात्र लाल झाले. नवऱ्याचा कान लाल होताना तिनं फार कमी वेळा पाहिला होता. निवृत्तीच्या समारंभात साहेबलोकांनी त्याची स्तुती केली, ‘यांच्या कागदावर एक सूत इकडचं तिकडं झालं नाही’ असं म्हणाले, तेव्हा असाच झाला होता, आणि तिला वाटलं होतं की तो आनंद.

पुढचे आठ दिवस घर त्या कागदांनी भरून गेलं. नवऱ्यानं स्वयंपाकघराच्या सात आकृत्या काढल्या होत्या. ड्रॉवर किती खोल, सिंक किती रुंद, गॅसपासून खिडकी किती लांब, सगळं सुतासुतापर्यंत, टोकदार पेन्सिलीनं, बारीक अक्षरात. ती चहाचा कप ठेवायला गेली तर तो कागद हळूच बाजूला ओढायचा, झोपलेल्या बाळाची दुलई ओढावी तसा. एकदा तो आंघोळीला गेलेला असताना तिनं ते सगळे कागद नीट पाहिले. मापाची माणसं मापं वाचतात. आणि तिच्या लक्षात आलं की ओट्याची लांबी आहे, रुंदी आहे, दगडाची जाडी आहे, पण उंचीच्या जागी दोन बाण आहेत आणि त्या बाणांच्या मधे काहीच नाही. सातही कागदांवर. एका कागदावर तर तिथं खोडून खोडून कागद पातळ झाला होता. उजेडासमोर धरला तर पलीकडचं दिसेल एवढा. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मिस्त्री ठरवेल ते.” तिला राग आला. एकतीस वर्षांनी का होईना, हा माणूस एक आकडा लिहू शकत नाही? आईचा ओटा मोडतोय म्हणून जीव तुटतोय, असंच असणार. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी त्यांची उंची या घरात अजून उभी आहे, आणि आपण अजून वाकून.

रात्री लेकीचा फोन आला. लेक दूरच्या शहरात नोकरीला, बोलणं चटपटीत. “काय ठरलं? काळा चकचकीत दगड, ना? बाबांनी मला सतरा फोटो पाठवलेत.”

“हो, काळाच घेतील बहुतेक. चालेल.”

“आई, एक विचारू? त्या घरात तू भाडेकरू आहेस का?”

“गप गं.”

“नाही, खरंच. तू मला एक फ्रॉक शिवायला तीनदा उसवायचीस. मी नको म्हटलं तरी उसवायचीस. आणि स्वतःच्या ओट्याचं म्हटलं की चालेल. तुझ्या थडग्यावर लिहू का, ‘चालेल’?”

“माझं थडगं बेतशील तेव्हा लांबी जास्त घे,” ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण फोन ठेवल्यावर ती मशीनपाशी जाऊन बसली. तिचं शिवणाचं टेबल तिनं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी स्वतः करून घेतलं होतं, पायांना लाकडी ठोकळे लावून उंच केलेलं. तिथं बसली की पाठ ताडासारखी. माहेरी तिची आई शिवताना एक ओळ गुणगुणायची,

सुईबाई पुढे पुढे, दोरा धावे मागे मागे,
फाटल्याची लाज काय, टाका तिथे जीव लागे.

मशीनवर बसली की ती ओळ आपोआप ओठांवर यायची. आणि आज पहिल्यांदा तिला प्रश्न पडला, ही ओळ ओट्यापाशी आपण एकदाही का गुणगुणलो नाही? वाकलेल्या छातीतून गाणं निघत नाही. बासरी दुमडून वाजवता येते का?

दगडांच्या वखारीत दोघं सकाळी गेले. उघड्या पटांगणात दगडाच्या मोठमोठ्या लाद्या लाकडी चौकटींत उभ्या करून ठेवलेल्या. मधून चालताना एखाद्या प्रचंड पुस्तकाच्या पानांमधून चालल्यासारखं होत होतं. कापायच्या यंत्राचा आवाज, पाण्याचा फवारा, पायाखाली राखाडी चिखल. दगडवाला जाडजूड, आनंदी, हातात मोबाइल आणि तोंडात सुपारी. त्यानं त्यांना सरळ काळ्या लादीपुढं नेलं. “हाच. डोळे मिटून घ्या. आरशासारखा. दहातली नऊ घरं हाच नेतात.” त्या काळ्या चकाकीत तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि मागं नवऱ्याचा, कागदांची गुंडाळी छातीशी धरलेला. आरसा पुसत बसायचं काय आयुष्यभर, असं तिच्या मनात आलं. एरवी मनात आलं असतं आणि मनातच विरलं असतं. पण कोपराच्या हाडावर मिस्त्रीच्या बोटाची ती थंड खूण अजून होती. “पुढं काय आहे?” ती म्हणाली. “पुढं पांढरे आहेत बाई, नाजूक. हळदीचा हात लागला की गेले.” “आणि मागं?” “मागं काय, उरलेसुरले तुकडे.”

उरलेल्या तुकड्यांत तिचा जन्म गेला होता. ती मागं गेली. पत्र्याच्या भिंतीला टेकून एक राखाडी लादी उभी होती, धुळीनं माखलेली, चकाकी नावाला नाही. तिनं तळवा ठेवला. डोळे मिटून कापड पारखावं तसा तो सावकाश फिरवला. खरखरीत नव्हती, धुतलेल्या सुती कापडासारखी होती, अंगची नरम. “पाणी आणा,” ती म्हणाली.

“कशाला?”

“भिजवल्याशिवाय मी काही घेत नाही. कापडही आधी भिजवते, वाळवते, मग माप टाकते. नाहीतर शिवून झाल्यावर आटतं आणि गिऱ्हाईक रडतं.”

नवरा अचानक खोकला. पाण्याची बादली आली. तिनं ओंजळीनं पाणी मारलं, आणि धुळीखालून हिरवा रंग वर आला, तळ्याच्या तळाचा असतो तसा, आणि त्यातून एक पांढरी शीर तिरकी धावत गेलेली, हातशिलाईच्या धाग्यासारखी. दगडवाला स्वतःच म्हणाला, “अरेच्चा!”

“हा,” ती म्हणाली. “आणि कपाटं साडेसदतीसच्या आसपास उंचीला जुळतील अशी हवीत. नक्की आकडा मिस्त्री सांगेल.”

“बाई, तयार कपाटं येतात ती चौतिसाच्या ओट्याची. सगळ्या जगात ओटा चौतीस.”

“सगळ्या जगाला तुम्ही एकच शर्ट घालता का हो?”

“तसं नाही, पण वेगळी करायची म्हणजे महिनाभर थांबावं लागेल. साहेब, तुम्ही समजवा ना. चौतीस चालेल की!”

तिनं ओले हात पदराला पुसले. पटांगणातलं यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं, फवाऱ्याचं पाणी ठिबकत राहिलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “नाही चालणार,” ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण तो तिचाच होता, पोटातून निघालेला, कुठं न वाकता वर आलेला. “मी एकतीस वर्षं थांबले. एक महिना म्हणजे काय, बटण लावायचा वेळ.” दगडवाल्यानं हात जोडले, सुपारी गिळली, आणि आपल्या माणसाला ओरडून सांगितलं, “ती मागची हिरवी बाजूला काढ रे! बाईंच्या नावानं खडू मार!” खडूनं दगडावर फुली पडली. परतताना रस्त्यानं ती लांब लांब ढांगा टाकत चालली. लोकांच्या डोक्यांवरून तिला रस्ता शेवटापर्यंत दिसत होता. शिडीला वरचं दिसतंच. नवरा अर्धं पाऊल मागं, कागदांची गुंडाळी एका काखेतून दुसऱ्या काखेत बदलत. दोनदा त्यानं “अगं” म्हटलं, आणि दोनदा पुढं काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. स्वयंपाकघरात खिडकीपाशी इस्त्रीचं टेबल मांडलं, त्यावर पाट, त्यावर नवऱ्याची जुनी जाडजूड पुस्तकं, त्यावर जुन्या कपाटाची फळी. सकाळचं ऊन फळीवर पडलं होतं. मिस्त्रीनं तिच्या हातात सुरी दिली आणि कांदा ठेवला. “चिरा. माझ्याकडे बघू नका. घरात कोणी नाही असं समजा.” ती चिरू लागली. “खांदा वर जातोय,” मिस्त्री म्हणाला आणि एक पुस्तक काढलं. ती चिरत राहिली. त्यानं पुन्हा एक पातळ पुस्तक सारलं, मागं सरकून डोळे बारीक केले. आणि मग काय झालं ते तिला आधी कळलंच नाही. फक्त इतकंच, की हात आपले आपण चालू लागले. सुरी हलकी झाली. कमरेत रोज सकाळी येऊन बसणारा तो ओळखीचा पाहुणा आज आलाच नाही. मान वर होती म्हणून खिडकीबाहेर दिसत होतं; एकतीस वर्षं तिला या खिडकीतून फक्त कट्ट्यावरच्या कुंड्या दिसल्या होत्या, आज समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसले, त्यातला एक निळा शर्ट तिनंच शिवलेला, वाऱ्यानं फुगून दोन्ही बाह्या हलवत होता. कांद्यानं डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते कांद्याचंच आहे असं म्हणायला हरकत नव्हती. सुईबाई पुढे पुढे. कोण गुणगुणतंय? तिचं तिलाच ऐकू आलं. दोरा धावे मागे मागे. मिस्त्री पुटपुटला, “हं. हीच. हलू नका,” आणि टेप काढायला वाकला.

“साडेसदतीस,” नवरा म्हणाला.

मिस्त्रीनं टेप अजून टेकवलाही नव्हता. त्यानं पट्टी ओढली, फळीशी धरली, डोळा लावला. “बरोब्बर साडेसदतीस. साहेब, नजर आहे हां तुमची!”

“नजर नाही,” नवरा म्हणाला.

तिची सुरी थांबली. मिस्त्री शहाणा माणूस. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, आकडा लिहिला, “सिंकचा पाइप बघून येतो” म्हणाला आणि बाहेर गेला. स्वयंपाकघरात दोघंच उरले, आणि दोघांच्या मधे दोन ओटे, एक खरा, खालचा, आणि एक खोटा, पुस्तकांवर उभा. “तुम्हाला कसं ठाऊक?” ती म्हणाली. “मी वखारीत बोलले ते कोपरातून चार वजा करून. तुम्ही न मोजता नक्की कसं सांगितलं?”

तो जुन्या ओट्याच्या कडेला बोट लावून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. “आईनं दिला होता आकडा,” तो म्हणाला. “तुझ्या माहेराहून आली त्या संध्याकाळी. स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाली, पोरीचं कोपर याच्या जरा खाली येतं, आणि तिच्या आईच्या ओट्यावर ती मान मोडून कांदा चिरत होती. आपल्याकडे तिला वाकायला लावू नकोस. मी आईचा खांदा मोजला, मग हिशेब केला. साडेसदतीस.”

तिच्या कोपराला एकतीस वर्षांपूर्वीची ती चिमूट पुन्हा जाणवली, थोडी दाबलेली. दुसरा हात आईच्या ओट्यावर. पुटपुटलेलं काहीतरी. माप घेत होत्या. टेप नव्हता म्हणून अंगावर घेतलं माप, स्वतःच्या खांद्यावर, आणि ते न विसरता घरापर्यंत नेलं. उंचच आहे हो मुलगी! आणि आपण उशीत रडलो. “मग?” ती म्हणाली. “मग तो आकडा गेला कुठं?”

“भिंतीवर खूण केली होती मी. पेन्सिलीनं, स्वतःच्या हातानं. गवंड्यानं त्या खुणेवर ओटा बांधला.” त्यानं पायाचा अंगठा फरशीवर दाबला. “फरशी नंतर झाली.”

“भराव?”

“तीन इंच. वर एक इंच फरशी.”

जमीन चार इंच वर आली आणि ओटा तेवढाच खाली गेला, तिनं मनात हिशेब केला, आणि मग तिच्या पोटातून हसू उसळलं, असं की हातातली सुरी फळीवर ठेवावी लागली. “अहो!” ती म्हणाली, “अहो, न भिजवता कापलंत!” ती हसत होती, कांद्याच्या हातानं डोळे पुसत होती, त्यानं आणखी पाणी येत होतं, आणि त्या पाण्यातून तिला एक बुटकी बाई दिसत होती, अपघातानं स्वतःच्या मापाच्या झालेल्या ओट्यापुढं उभी, ‘सुनेला वाकवणारी’ हे नाव वीस वर्षं निमूट अंगावर घालून. लेकाची चूक शिवणीत आत दुमडून वरून एक बारीक टीप मारलेली. काय सफाई! एवढी नजरेची असून आपल्याला एकदाही टाका दिसला नाही. “त्या दिवशी दारात तुम्ही बोलणार होतात,” ती म्हणाली. “मी पाहिलं होतं.”

“बोलणार होतो,” नवरा म्हणाला. आता तो तिच्याकडे वर बघत होता. ती सरळ उभी राहिली की त्याला नेहमीच थोडं वर बघावं लागायचं, आणि तिच्या ध्यानात आलं की तसं तो फार दिवसांनी बघतोय. “आईनं डोळ्यांनी गप्प केलं. घरातला पहिला आठवडा होता, नकाशे काढणाऱ्या नवऱ्याला स्वतःचा ओटा मोजता आला नाही, हे नव्या नवरीला कळू नये म्हणून. शेवटी जाताना म्हणाली, मी गेले की सांग तिला. तेही अकरा वर्षं जमलं नाही मला. रोज तुला कंबर धरून उभं राहताना बघायचो आणि उद्या सांगू म्हणायचो. तो ओटा आईचा नव्हता गं कधी. तुझ्याच मापाचा होता. फरशी मी विसरलो.”